सायकोडायनॅमिक समुपदेशनाचा पहिला सराव: आधी ऐका, मग आठवून लिहा

सायकोडायनॅमिक समुपदेशन म्हणजे मनात नकळत चालणाऱ्या भावनांकडे पाहणारं समुपदेशन. त्याच्या या सरावाला तिघं लागतात: बोलणारी, ऐकणारा आणि निरीक्षक. विषय खरा, पण झेपेल असा हवा. ऑफिसातली धुसफूस चालेल, घरातला ताजा मृत्यू नको. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर सराव तिथेच थांबवा, तिला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन लावा.

१५ मिनिटांचा गजर लावा. ऐकताना काहीही टिपायचं नाही. फ्रॉइडने १९१२ सालीच हे बजावलं होतं: लिहायला बसलं की मन निवड करू लागतं, आणि मग निवडलेलंच ऐकू येतं.

शब्द समोरच्याचेच वापरा. ‘वैताग आला’ याला ‘म्हणजे राग आला’ असं उत्तर देऊ नका; वैताग वेगळा, चीड वेगळी. ‘वैताग…’ एवढंच म्हणून थांबा. ‘का केलंत?’ विचारलं की माणूस सफाई देत बसतो. बोलता बोलता ‘मला’चं ‘माणसाला वाटतंच ना’ झालं, तर ते लक्षात ठेवा, पण लगेच बोट दाखवू नका. शांतता पसरली की मनात दहा आकडे मोजा. नवशिक्याला चारसुद्धा जड जातात आणि तोंडातून सल्ला निसटतो.

गजर झाला की निरीक्षकाने बोलायच्या आधीच वही उघडा. तीन रकाने आखा: ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, तेव्हा माझ्या आत काय झालं. तिसऱ्यात ‘सहानुभूती वाटली’ असलं गुळगुळीत काही नको. ‘जांभई दाबली’, ‘घड्याळ पाहिलं’ असं लिहा. नाव-गाव टाळा. आठवत नाही तिथे रेघ मारून जागा कोरी सोडा. बहुतेकांची चूक इथेच होते: अंदाजाने जागा भरतात, आणि सरावातला सगळ्यात मोलाचा भाग पुसला जातो.

आता निरीक्षकाकडून ताडून घ्या. समजा, सासूबद्दलची चार वाक्यं वहीत नाहीतच. ती कशी निसटली? आधी स्वतःकडे पाहा: झोप झाली नव्हती का, घरी त्याच विषयावरून वाजलं होतं का? मनोविश्लेषक पाउला हायमन यांनी १९५० साली समुपदेशकाच्या भावनांना समोरच्याचं मन समजून घेण्याचं साधन मानलं हे खरं, पण त्याआडून स्वतःचा कंटाळा तिच्या माथी मारणं फार सोपं असतं.

पुढच्या वेळी त्याच विषयापाशी वही पुन्हा कोरी राहिली, तर दोन्ही पानं सुपरवायझरसमोर, म्हणजे तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी समुपदेशकासमोर ठेवा.