रेडमध्ये या चुका टाळा, मग ‘पूर्वीचे प्लेयर भारी होते’ म्हणा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधल्या आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे कायमच्या टीममध्ये, नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पंचवटीची बरीच पोरं आहेत. रेडमध्ये (बरेच जण मिळून मोठ्या बॉसशी लढतात त्या मोहिमेत) वाइप झाला, म्हणजे सगळे मेले, की त्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हल्लीच्या लोकांना खेळताच येत नाही.’ मला हे अजिबात पटत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर 2004 मध्ये आला आणि रॅग्नारोस हा बॉस पहिल्यांदा मेला तो 2005 च्या एप्रिलमध्ये. ऑगस्ट 2019 मध्ये क्लासिक (त्याच जुन्या गेमची पुन्हा काढलेली आवृत्ती) आला तेव्हा तोच रॅग्नारोस आठवड्याच्या आत मेला, तोही काही जणांची लेव्हल 60, म्हणजे सगळ्यात वरची, झालेली नसताना. क्लासिकमध्ये नंतरच्या 1.12 पॅचची (अपडेटची) टॅलेंट्स, म्हणजे वाढीव कौशल्यं, असल्यामुळे क्लासेस (पात्रांचे प्रकार) जास्त ताकदवान होते हे खरं. पण मोठा फरक माहितीचा होता. लोकांचे हात बिघडलेले नाहीत, घाई वाढली आहे.

घाईतली सगळ्यात महाग चूक म्हणजे बूस्ट, गोल्ड देऊन दुसऱ्याकडून लेव्हल वाढवून घेणं. मेजला (जादूगार प्लेयरला) गोल्ड द्यायचं, झुलफराक या डंजनच्या (छोट्या गटाने लढायच्या जागेच्या) दाराशी उभं राहायचं, तो आत सगळं जाळत असताना आपली लेव्हल वाढत राहते. आमच्याकडे असाच एक वॉरियर आला. गियर चांगला होता, पोरगा गोड होता. मोल्टन कोअर या रेडमध्ये मुख्य टँक, म्हणजे बॉसचा मार स्वतःवर घेणारा, पडला. मी ओरडलो, ‘टॉन्ट मार!’ तो म्हणाला, ‘दादा, बटण चालत नाहीये.’ टॉन्ट (बॉसला आपल्याकडे ओढायची चाल) क्लासिकमध्ये फक्त डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये, म्हणजे बचावाच्या पवित्र्यात, चालतो. ही गोष्ट वॉरियरला दहाव्या लेव्हलला समजते, आणि याची लेव्हल होती 60! तो स्टान्स शोधेपर्यंत हीलर संपले, मग उरलेले. त्यानंतर मी एक नियम केला आहे: बूस्ट घेतलेल्या माणसाने आधी पाच जणांच्या डंजनमध्ये टँक करून दाखवायचं, मगच रेड. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसरी चूक डॅमेज मीटरवर (कुणी किती मार दिला ते दाखवणाऱ्या यादीवर) डोळे लावून बसण्याची. बॅरन गेडन हा बॉस एखाद्यावर लिव्हिंग बॉम्ब टाकतो. 8 सेकंदांनी त्याचा स्फोट होतो आणि आसपासचे सगळे भाजून हवेत उडतात. करायचं काय, तर लोकांपासून लांब पळायचं. एवढंच! अॅडऑन (गेमला जोडलेला छोटा प्रोग्राम) स्क्रीनभर इशारा देतो, डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅटवर मी नाव घेऊन सांगतो, तरी एक रोग (Rogue क्लासचा प्लेयर) जागचा हलला नाही. सगळे मेल्यावर म्हणतो, ‘दादा, मीटर बघा ना, मी पहिला आहे.’ मीटरवर पहिला आलेल्याने बाकीच्यांना मारलं असेल, तर त्या आकड्याला मी काडीची किंमत देत नाही. मी स्वतः लढाई चालू असताना मीटर बंद ठेवतो आणि रेड संपल्यावर बघतो. नव्यांनीही तेच करावं.

पुल (बॉसला लढाईत ओढणं) झाल्या झाल्या तुटून पडू नका, टँकला थ्रेट बसवू द्या, म्हणजे बॉसचं लक्ष त्याच्यावर टिकेल.

किक (बॉसचा कास्ट, म्हणजे मंत्र, मध्येच तोडणं) मारायची ठरलेली पाळी सोडू नका.

पिंगला (सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन यायच्या वेळेला) दोष देण्याआधी वायफाय सोडा आणि लॅनची वायर लावा. नाशिकहून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना सिग्नल समुद्राखालून जाऊन येतो, तो वेळ कुणालाच टाळता येत नाही. म्हणून आगीतून निघायला ‘लागली’ असं दिसायची वाट बघू नका, बॉसने कास्ट सुरू केला की हला. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर हवा.

अनोळखी टँकला एका वाइपनंतर सोडून जाणं ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. डिसेंबर 2009 मध्ये 3.3 पॅचसोबत डंजन फाइंडर आला आणि वेगवेगळ्या सर्व्हरची माणसं एका बटणावर एकत्र येऊ लागली. सोय झाली, पण त्याआधी आपल्या सर्व्हरवर नाव खराब होईल ही भीती होती, ती गेली. तेव्हा वाइप झाला की लोक थांबायचे, काय चुकलं ते बोलायचे. आमच्या गिल्डमध्ये मी अजून हेच चालवतो: वाइपनंतर धावत परत येता येता प्रत्येकाने आपण कशाने मेलो ते एका वाक्यात सांगायचं. ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं, तर पुढचा पुल थांबवून कॉम्बॅट लॉग (लढाईची नोंद) उघडायचा.