कामिनोच्या वाटेवर एकट्याने निघताना

फ्रान्समधील, स्पेनच्या सीमेजवळच्या सेंट-जाँ-पिए-द-पोर या गावापासून स्पेनमधील सांतियागोच्या कॅथेड्रलपर्यंत सुमारे 780 किलोमीटरची ‘कामिनो’ ही ख्रिस्ती यात्रेकरूंची पायवाट आहे आणि बहुतेक जण ती 30 ते 35 दिवसांत चालतात. सांखळीहून पंढरीला निघणाऱ्या वारकऱ्याच्या सोबतीला दिंडी असते. येथे मुक्काम, जेवण आणि प्रसंगी माघार हे सर्व एकट्यालाच ठरवायचे असल्याने, त्यातले जेवढे घरी ठरवता येईल तेवढे ठरवूनच निघावे.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांसाठीचा सामाईक व्हिसा, लागतो. मुक्काम मुख्यतः स्पेनमध्ये असल्यामुळे अर्ज स्पेनकडेच करावा आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावा. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोमंतकीयांना व्हिसाची गरज नाही.

खरी तयारी पायांची. निघण्यापूर्वी निदान तीन महिने, ज्या बुटांत चालायचे आहे तेच घालून आणि भरलेली पिशवी पाठीवर घेऊन चालावे. सपाट किनाऱ्यावरच्या फेऱ्या पुरेशा नाहीत. चोर्ला घाटासारखा लांब चढ आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे उतार पायांखालून जायला हवा, कारण गुडघे दुखतात ते उतरताना. पावसाळ्यातला सराव मला विशेष मोलाचा वाटतो. ओल्या मोज्यात टाच प्रथम नुसती कोमट लागते, मग चुरचुरते आणि तासाभरात फोड येतो. ती कोमट जागा जाणवताक्षणी थांबावे, बूट-मोजे काढून पाय कोरडा होऊ द्यावा, तेथे चिकटपट्टी लावावी आणि कोरडे मोजे चढवावेत. सोबत कोणी नसल्याने थांबायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

पिशवीचे वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावे. कपड्यांचे दोन जोड पुरतात, कारण ते रोज धुऊन वाळवायचे असतात.

पहिला दिवस सर्वांत कठीण. रॉन्सेस्वालेस या स्पेनमधील गावापर्यंतच्या सुमारे 25 किलोमीटरांत वाट 1,400 मीटरहून उंच खिंडीतून जाते. उत्साहाच्या भरात एका दमात जाण्यापेक्षा, आठेक किलोमीटरवरच्या ओरिसाँच्या विश्रामगृहात आधीच जागा राखून पहिली रात्र तेथे काढावी, असे माझे ठाम मत आहे. हा वरचा मार्ग 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बंद असतो. त्या काळात वाल्कार्लोसच्या खालच्या वाटेनेच जावे. पुढे नावारा प्रांत लागतो. 3 डिसेंबरच्या फेस्ताला पायी जुने गोवे गाठणाऱ्यांना हे ठाऊक असावे की फ्रान्सिस झेवियर 1506 मध्ये याच नावारात जन्मले.

पिवळे बाण वाट दाखवतात. मात्र सलग बराच वेळ बाण दिसला नाही, तर पुढे न जाता शेवटच्या बाणापर्यंत परतावे. आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा; तेथे ‘क्रेदेन्सियाल’ ही यात्रेकरूची पुस्तिका दाखवून शिक्का घ्यावा लागतो. खाट मिळाल्यावर पिशवी तिच्यावर टाकण्यापूर्वी गादीच्या शिवणीत ढेकूण आहेत का, ते पाहून घ्यावे.

संकटात 112 हा क्रमांक लावावा. घरच्यांना रोज मुक्कामाचे नाव, आल्बेर्गेचा दूरध्वनी क्रमांक आणि उद्याचा टप्पा कळवावा. उन्हाळ्यात तेथे दुपारचे चार वाजतात तेव्हा गोव्यात साडेसात झालेले असतात आणि देवाजवळ दिवा लावून घरची माणसे मोकळी असतात. निरोपाची वेळ तीच ठेवावी आणि तो चुकला तर आधी त्या आल्बेर्गेला फोन लावायचा, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.