जुन्या दार-खिडक्यांचा रंग काढताय? आधी थिनर आणून ठेवा

चवथीच्या तोंडावर हे काम काढू नका. गोव्यात घर रंगवायची घाई सगळ्यांना तेव्हाच होते, पण पावसात लाकूड फुगलेलं असतं, काही धड वाळत नाही. दिवाळी झाली की घ्या, मार्चपर्यंत संपवा.

सामान म्हणजे पेंट रिमूव्हर, जुने ब्रश, बोथट पट्टी, प्लास्टिक, भरपूर चिंध्या, नक्षीसाठी टूथब्रश आणि काथ्या. स्टील वूल आणू नका, त्याचे कण लाकडात अडकतात आणि आपल्या दमट हवेत गंजून काळे ठिपके पडतात. आणि थिनर. जेवढा रिमूव्हर तेवढा थिनर, उरला तर उरू दे. बऱ्याच रिमूव्हरमध्ये मेण असतं, रिमूव्हर पटकन उडून जाऊ नये म्हणून घातलेलं. रंग निघतो पण मेण लाकडावर राहतं आणि डोळ्यांना अजिबात दिसत नाही. आमच्या पडवीच्या दारांना पुसायचं राहिलं तर पॉलिश वाळेचना, बोट लावलं की चिकट, शेवटी सगळं परत खरवडलं. लाकूड स्वच्छ दिसलं तरी थिनरने पुसा. मेस्त, म्हणजे सुतार, म्हणेल गरज नाही, तरी पुसा.

कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो म्हणून कोणी सुचवेल, पण सागवान त्याने काळं पडतं.

आता शिसं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत हवं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे जुन्या दारांवरच्या ऑइल पेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, ब्लो टॉर्चने रंग जाळायचा नाही, धूळ आणि धूर दोन्ही अंगात जातात. पोरं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना दुसरीकडे पाठवा. राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, काम काढलंत तर तुळस आधी झाका, तिची पानं आपण तोंडात घालतो. खाली प्लास्टिक अंथरा, खरवड ओली असतानाच गोळा करून वेगळी बांधा, पातेऱ्याबरोबर (सुक्या पाल्याबरोबर) जाळू नका.

रिमूव्हरचं काम उघड्यावरच करा. मिथिलीन क्लोराइडवाला असेल तर त्याची वाफ जड असते, बंद खोलीत खाली साचते आणि माणूस बेशुद्ध पडून जीव जाऊ शकतो. साधा मास्क वाफ अडवत नाही, पातळ हातमोजेही त्याला टिकत नाहीत. अंगावर उडाला तर लगेच पाण्याने धुवा.

शिंपल्यांची तावदानं असलेल्या खिडक्यांना हीट गन लावू नका, तडकली तर तसे शिंपले परत मिळणं कठीण. झडपा उतरवताना बिजागरीच्या खाचेत खिळ्याने खूण करा, पेन्सिलचे आकडे रिमूव्हरबरोबर निघून जातात.

रिमूव्हर जाड थापा, प्लास्टिकने झाका, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, रंग सुरकुतला की लाकडाच्या रेषेच्या दिशेने खरवडा. थर जास्त असतील तर परत. मग थिनर, दोनदा, दरवेळी नवी चिंधी, जुन्याने पुसलंत तर तेच मेण परत पसरतं. कोपरे, नक्षी, बिजागरीची खाच, सगळीकडे. थिनरच्या चिंध्या चुलीपासून लांब.

पुढचं सोपं आहे. चांगलं वाळू द्या, 120 चा पेपर ओला करून, मग 180, भेगा बुजवायला लांबी (पुट्टी), पॉलिशचे पातळ हात. दव पडायच्या आत आटपा, नाहीतर पॉलिश पांढरं पडतं.