बारावीचा इम्यूनिटीचा धडा: या चुका टाळा

पावसाळ्यात ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या क्लासमध्ये रोगप्रतिकारशक्तीवरची चाचणी होते, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी येतो आणि माझा रविवार कारणी लागतो. बॅच दरवर्षी नवी, चुका मात्र वडिलोपार्जित. निम्म्या चुका 'एका मिनिटात इम्यूनिटी' छाप व्हिडिओंमधून येतात. त्यात लाल जंतू दात विचकतो आणि निळी पेशी तलवार उपसते. उत्तरात 'सैनिक', 'शत्रू', 'हल्ला' असे शब्द दिसले तर मी गुण कापत नाही, पण पुढचं सगळं संशयाने वाचते.

सगळ्यात चिवट चूक ही: 'जंतू शरीरात शिरतो, बी पेशी (एक प्रकारची पांढरी पेशी) त्याचा आकार ओळखते आणि त्याला बसेल अशी अँटीबॉडी (जंतूला चिकटणारं प्रथिन) तयार करते.' वाचायला किती गुळगुळीत! रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगनेही १९४० मध्ये साधारण असंच मांडलं होतं, की अँटीजेनच्या, म्हणजे जंतूच्या ज्या भागाला अँटीबॉडी चिकटते त्याच्या, साच्यावर अँटीबॉडीची घडी पडते. पॉलिंगसारखा माणूस चुकला तिथे बारावीच्या पोरांना काय बोलणार? पण पॉलिंगकडे तुमचं पाठ्यपुस्तक नव्हतं.

खरा क्रम उलटा आहे. तुमच्या डोक्यात माप घेऊन शिवणारा शिंपी बसलाय, आणि शरीर चालवतं राम मारुती रोडवरचं रेडिमेडचं दुकान. गिऱ्हाईक यायच्या आधीच कोट्यवधी मापं टांगलेली, प्रत्येक मापाचे नग मोजकेच. एका बी पेशीवर एकाच प्रकारचा रिसेप्टर, म्हणजे अँटीजेन पकडणारं प्रथिन, असतो, आणि तो ठरतो अस्थिमज्जेत, पेशी घडत असतानाच. व्ही, डी आणि जे नावाचे जनुकांचे तुकडे कापून-जोडून तो तयार होतो. प्रथिनं बनवणारी आपली जनुकं जेमतेम २० हजार, तरी एवढी विविधता कुठून येते, याचं उत्तर हेच. ते शोधून काढल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. जंतू येतो तेव्हा तो ज्या पेशीच्या रिसेप्टरला चिकटतो ती निवडली जाते, बहुतेक वेळा हेल्पर टी पेशीचा (दुसऱ्या पेशींना मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशीचा) होकार घेते आणि मग भराभर विभागते. मॅकफार्लेन बर्नेटने १९५७ मध्ये हे मांडलं, त्यालाच क्लोनल सिलेक्शन म्हणतात.

इथे एखादी हुशार मुलगी विचारते, 'मॅडम, मग अँटीबॉडी दिवसेंदिवस जास्त घट्ट बसायला लागते ती कशी?' तर रेडिमेडलाही अल्टरेशन असतंच, फक्त इथे ते अंदाजपंचे होतं. लसीका ग्रंथीत विभागताना या पेशींच्या रिसेप्टरच्या जनुकांत आडवेतिडवे बदल होतात. ज्यांची पकड सुधारते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. पायाची जखम चिघळल्यावर जांघेत अवधाण येतं ना, ती फुगलेली लसीका ग्रंथीच. पेशींची ही निवड आणि वाढ अशाच गाठींत चालते.

माझा उपाय साधा आहे. उत्तराची पहिली ओळ जंतू यायच्या आधीची हवी. जंतूपासून सुरू झालेलं उत्तर मी न वाचता परत देते. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसरी लाडकी चूक वेळेची, आणि ती पेपरापुरती राहत नाही. मागे एका ऑगस्टमध्ये वर्तकनगरच्या एका मुलाच्या आईचा फोन आला: 'मॅडम, ताप आहे, पण डेंगीचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. उद्या टेस्टला पाठवते.' मी म्हटलं, रिपोर्टचा फोटो पाठवा. तापाचा दुसरा दिवस आणि केलेली तपासणी फक्त आयजीएमची. डॉक्टरांकडे न जाता, 'डेंगीची टेस्ट करा' एवढंच सांगून करून घेतलेली.

आयजीएम म्हणजे शरीराने काढलेली पहिल्या फळीची अँटीबॉडी. निवड, होकार, विभाजन एवढं सगळं उरकून ती रक्तात मोजण्याइतकी यायला दिवस लागतात. डेंगीत साधारण पाचव्या दिवसानंतरच तिच्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येतो. त्याआधी बघायचं ते एनएस१, म्हणजे विषाणूचंच प्रथिन. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमचा अर्थ 'डेंगी नाही' असा होत नाही. शरीराचं काम अजून चालू आहे, एवढाच होतो. त्यांना त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं, एनएस१ पॉझिटिव्ह निघालं. पुढे ताप उतरला तशी स्वारी म्हणे क्लासला यायला निघाली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! डेंगीत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका तेव्हाच असतो. डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं, रोज रक्त तपासलं, आणि पोरगा सुखरूप राहिला.

पण मला खुपलं ते वेगळंच. याच मुलाने चाचणीत प्राथमिक प्रतिसादाचा, म्हणजे अँटीजेन पहिल्यांदा भेटल्यावर अँटीबॉडी कशी वाढते त्याचा, आलेख सुरेख काढला होता: सुरुवातीची सपाट रेघ, मग चढ, नावं सुबक अक्षरात. पैकीच्या पैकी गुण. घरात रिपोर्ट हातात आला तेव्हा ती सपाट रेघ त्याला आठवलीच नाही. तेव्हापासून मी आलेखाच्या आडव्या अक्षावर 'वेळ' एवढंच लिहिलेलं चालवून घेत नाही. दिवस लिहा, आकडे घाला. दुसऱ्यांदा तोच अँटीजेन भेटतो तेव्हा ती सपाट रेघ आखूड होते, चढ उंच होतो आणि आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीचा भरणा असतो, हेही त्याच आकृतीत दाखवा.

'स्मृती पेशी असल्या की दुसऱ्यांदा आजार सौम्यच' असंही सर्रास लिहितात. (स्मृती पेशी म्हणजे पहिल्या भेटीनंतर मागे उरलेल्या, तो अँटीजेन ओळखणाऱ्या पेशी.) डेंगीचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराच्या जुन्या अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला धड निष्प्रभ करत नाहीत, उलट कधीकधी त्याला पेशीत शिरायला मदत करतात. म्हणून डेंगीची दुसरी खेप जास्त जड जाऊ शकते.

टी पेशींना अख्खा जंतू दिसत नाही. त्यांना दिसतो प्रथिनाचा छोटा तुकडा, तोही एमएचसीच्या, म्हणजे पेशीवरच्या तुकडे दाखवणाऱ्या प्रथिनाच्या, खाचेत बसवून दाखवला तरच. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये उंदरांवर दाखवलं, की किलर टी पेशी विषाणूबाधित पेशीला मारते खरी, पण ती पेशी आपल्याच एमएचसीची असेल तरच. १९९६ चं नोबेल त्यालाच. आकृतीत टी पेशीचा बाण थेट जंतूला लावलात की तो गुण गेला. किलर टी पेशीवरचं सीडी८ हे प्रथिन पहिल्या वर्गाच्या एमएचसीशी जुळतं, हेल्पर टी पेशीवरचं सीडी४ दुसऱ्या वर्गाच्या: गुणाकार दोन्हीकडे आठ. शॉर्टकटचा मला तिटकारा आहे, पण हा एक मी चालवून घेते. जी-ए-एम-ई-डी, म्हणजे अँटीबॉडींच्या पाच प्रकारांची अक्षरं, हा नाही. तो घोकणाऱ्यांना पाच नावं येतात आणि आईच्या नाळेतून बाळाला कोणती मिळते ते येत नाही. (आयजीजी.)

अँटीबॉडी स्वतः जंतूला 'मारत' नाही. ती चिकटते, अडवते, खूण करते. मारणं बहुतेक वेळा दुसऱ्यांचं काम.

प्लाझ्मा पेशी (अँटीबॉडी बनवणारी) वेगळी, रक्तातला प्लाझ्मा (त्याचा पातळ भाग) वेगळा. दरवर्षी सांगते.

काढा पिऊन स्मृती पेशी तयार होत नाहीत.

राहिला सक्रिय आणि निष्क्रिय प्रतिकारशक्तीतला फरक. तक्ता पाठ करण्यापेक्षा कुत्रं चावल्यावर सरकारी दवाखान्यात काय करतात ते बघा. जखम साबण-पाण्याने धुतात, खोल असेल तर जखमेत आणि भोवती सिरम टोचतात, आणि दंडात लस. सिरममध्ये तयार अँटीबॉडी असतात, त्या आत्तापासून कामाला लागतात पण काही आठवड्यांत ओसरतात: ही निष्क्रिय. लशीमुळे शरीर स्वतःच्या अँटीबॉडी काढतं, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात: ही सक्रिय. मधली फट सिरम भरून काढतं. दोन्ही एकाच सिरिंजमधून एकाच जागी का देत नाहीत, हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत हमखास विचारते. सिरममधल्या अँटीबॉडी लशीतल्याच अँटीजेनला धरून बसतील, म्हणून.