आटाकामाला फुलं बघायला निघताना

तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं. चिलीतलं हे वाळवंट दरवर्षी फुलत नाही. तिथल्या हिवाळ्यात (जून ते ऑगस्ट) बरा पाऊस झाला, बहुतेकदा एल निन्योच्या वर्षी, २०१५ सारखा, तरच ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गालिचे पसरतात. म्हणून जूनपासून कोपिआपो आणि वायेनार या तिथल्या शहरांच्या पावसाच्या बातम्यांवर डोळा ठेवा. १८ सप्टेंबरचा आठवडा मात्र टाळा. तो त्यांचा राष्ट्रीय सण, तेव्हा गाड्या-खोल्या आपल्या गणपतीत कोकणात मिळतात तेवढ्याच मिळतात.

बॅगेत टोपी आणि सनस्क्रीन तर हवंच, पण स्वेटर आणि विंडचीटरही. किनाऱ्याकडून येणारं कामान्चाका धुकं सकाळी अंगात शिरतं. अशा वेळी ‘पाता दे ग्वानाको’ची गुलाबी फुलं मिटलेलीच असतात, त्यामुळे पहाटे उठून धावायची घाई नको, ऊन वर आल्यावर निवांत निघा. यानोस दे चाये राष्ट्रीय उद्यानासाठी अख्खा दिवस ठेवा. ‘गारा दे लेओन’, म्हणजे सिंहाचा पंजा, हे लालभडक फूल तिथे जमिनीलगत सरपटतं. नजर खाली नसली तर चुकायचं, किंवा पायाखाली यायचं! पायवाट सोडू नका, बी-कंद खिशात घालू नका. पुढच्या पावसापर्यंत जमिनीखाली जपलेला साठा तोच आहे. पेट्रोल, पाणी शहरातच भरून घ्या.

खाऊच्या डब्यातलं वनस्पतिजन्य-प्राणिजन्य सगळं चिलीत शिरताना भरायच्या कस्टम्स फॉर्ममध्ये लिहा. मेथीचे लाडूसुद्धा. लपवलं तर दंड.

आता प्यायचं. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी थेंबही घेऊ नये. रक्तात लिटरमागे ०.३ ग्रॅम अल्कोहोल भरलं की कारवाई होते. म्हणून फुलांचा दिवस वेगळा, घोटाचा वेगळा. उआस्को खोऱ्यात आल्तो देल कार्मेनकडे मुक्काम टाका आणि पाहारेते मागा. उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची ही गोड वाइन जेवणानंतर छोट्या पेल्यात, हळूहळू घ्यायची. पिस्को म्हणजे द्राक्षांच्या वाइनचं ऊर्ध्वपातन करून काढलेली दारू. चिलीत हे नाव १९३१ पासून फक्त आटाकामा आणि कोकिम्बो या दोन प्रदेशांतल्या मालालाच लावता येतं. (पेरू देशातलं कुणी टेबलावर असेल तर हा विषय काढू नका, तेही पिस्को आपलीच म्हणतात.) बाटलीवर ३५, ४० असे अंश, म्हणजे अल्कोहोलचे टक्के, लिहिलेले असतात, ते आधी वाचा. पिस्को सावर हे पिस्कोचं कॉकटेल लिंबामुळे सरबतासारखं उतरतं आणि दुसऱ्या ग्लासानंतर स्पॅनिश फार सोपी वाटू लागते. एल्की खोऱ्यापर्यंत गेलात तर कोपाओ या निवडुंगाच्या फळाचं सावर मिळतं का, तेही विचारा.

परतीच्या बाटलीसाठी चेक-इन बॅगेत एक जुना टॉवेल ठेवा.