बार्बेडोसचा रम पंच: एका बाटलीत आठ जणांसाठी

एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार मवाळ. बार्बेडोसमध्ये रम पंचचं प्रमाण एवढ्या एका ओळीत पाठ असतं. आंबट म्हणजे लिंबाचा रस, गोड म्हणजे साखरेचा पाक, कडक म्हणजे रम आणि मवाळ म्हणजे पाणी किंवा बर्फ. त्यात अँगोस्टुरा बिटर्सचे, म्हणजे मसाल्यांच्या कडू अर्काचे थेंब, वर किसलेलं जायफळ.

घरी केलेला पंच बिघडतो तो बहुधा चौथ्या भागापाशी. पाण्याऐवजी खोक्यातला अननसाचा रस ओतला जातो, त्यात ग्रेनेडिन, म्हणजे लाल रंगाचं गोड सिरप, शिवाय पाक आहेच. मग ना लिंबू कळतं ना रम, तोंडात नुसती साखर राहते. म्हणून आधी पाण्यावरचा साधा पंच जमवा, फळांकडे नंतर वळा.

७५० मिलीची एक बाटली धरली की हिशेब सरळ होतो: लिंबाचा रस २५० मिली, पाक ५०० मिली, रम ७५० मिली, पाणी १ लिटर. हे झाले अडीच लिटर, म्हणजे १५० मिलीचे सोळा ग्लास; आठ जणांना दोन-दोन.

लिंबं कागदीच घ्या. वेस्ट इंडियन लाइम म्हणतात ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं आहे, त्यामुळे इथे आपल्याला तडजोड करावी लागत नाही. पातळ सालीची, हाताला जड लागणारी १५ ते १८ लिंबं पुरतात. परदेशात राहणाऱ्यांनी मोठी पिवळी लिंबं टाळून हिरवी घ्यावीत. पिळताना शेवटच्या थेंबासाठी साल चुरगाळू नका आणि पिळलेल्या फोडी पंचात टाकून ठेवू नका. दोन-तीन तासांत सालीचा कडवटपणा पंचात उतरतो. बाटलीतला तयार रस इथे चालत नाही, त्याची शिळी चव रमही झाकू शकत नाही.

पाकासाठी ३०० ग्रॅम साखर आणि ३०० मिली पाणी. साखर विरघळली की गॅस बंद. तार येईपर्यंत आटवला तर गोडीचं सगळं प्रमाण चुकतं. साखर तांबूस मिळाली तर उत्तमच. गूळ मात्र नको, त्याचा खारट अंश आणि वास रमवर चढतो.

रम सोनेरी, मुरवलेली हवी. बार्बेडोसची माउंट गे किंवा जमैकाची अ‍ॅपल्टन मिळाली तर प्रश्नच नाही. गोव्यात बनणारी माका झाईची सोनेरी रमही चांगली बसते. ओल्ड मंकचा पंच रंगाने काळपट आणि व्हॅनिलाच्या अंगाचा होतो. वाईट लागत नाही, पण पाक ५०० ऐवजी ४२५ मिली घाला. जमैकाची रे अँड नेफ्यू ओव्हरप्रूफ (नेहमीपेक्षा बरीच कडक रम) ६३ टक्के अल्कोहोलची असते. ती वापरायची तर ५०० मिलीच घ्या आणि उरलेले २५० मिली पाण्याने भरून काढा, नाहीतर तिसऱ्या ग्लासाआधीच मंडळी आडवी होतील.

अँगोस्टुरा त्रिनिदादचं. या प्रमाणाला दोन लहान चमचे लागतात. ते वगळलं तर पंच लिंबू सरबताकडे झुकतो. मिळालंच नाही तर पाक उकळताना चार लवंगा आणि दालचिनीचा बोटभर तुकडा टाका, आणि लिटरभर पाण्यातलं २०० मिली पाणी कमी करून तेवढाच कोरा चहा घाला. बिटर्सची चव येणार नाही, पण चहाचा तुरटपणा गोडीला आवर घालतो.

आदल्या रात्री रम, पाक आणि बिटर्स एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा चिनी मातीची बरणी. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम नको, लिंबाच्या आंबटाने धातूची चव उतरते. लिंबं मात्र त्याच दिवशी, पाहुणे यायच्या दोन-तीन तास आधी पिळा.

आता पाणी. लिटरातलं ७५० मिलीच घाला. उरलेलं २५० मिली बर्फ वितळून येणार आहे. बहुतेक जण हा हिशेब विसरतात आणि तासाभराने पातेल्यात पाणचट पंच उरतो. चौकोनी डब्यात आदल्या दिवशी पिण्याचं पाणी गोठवून एक मोठी लादी करा. मोठा तुकडा सावकाश वितळतो. मासळीबाजारातली लादी बाटल्या गार करायला ठीक, ग्लासात नको. ग्लासासाठी वेगळा बर्फ माणशी अर्धा किलो धरा.

चव बघताना लक्षात ठेवा: बर्फ घालण्याआधी पंच किंचित जास्त गोड आणि कडक लागायला हवा. गारव्याने गोडी दबते. आधीच बरोबर लागला तर ग्लासात तो फिका पडणार. गोड झाला तर पाणी वाढवू नका, एक-एक चमचा लिंबू घाला. आंबट झाला तर पाक.

जायफळ ग्लासावर, देताना किसायचं. पातेल्यात टाकलं की तळाशी बसतं आणि लाकडासारखं लागतं. ग्रेनाडाच्या झेंड्यावरही जायफळ आहे, एवढा त्या बेटाला त्याचा अभिमान. आपल्याकडे कोकणातलं अख्खं जायफळ घ्या, पूड नको.

फळांचा रस घालायचाच असेल तर पाण्याचा अर्धा भाग रस आणि पाक ३५० मिलीवर आणा. अननस ताजा असेल तर गाळून घ्या, फार फेस येतो.

एका ग्लासात साधारण ४५ मिली रम असते, म्हणजे दीड छोटा पेग. गोडीमुळे ते कळत नाही, म्हणून पातेल्याजवळ पाण्याचा जग ठेवा आणि गाडी चालवणाऱ्याला पंच देऊ नका. महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवाना लागतो, गोव्यातून बाटली आणायलाही.

न पिणाऱ्यांसाठी वेस्ट इंडीजमधलंच सॉरेल करा. ते म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, नाताळात तिथे घरोघरी होतं. ५० ग्रॅम सुकी बोंडं, ठेचलेलं आलं आणि चार लवंगांवर दीड लिटर उकळतं पाणी ओता, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी गाळून १५० ग्रॅम साखर विरघळवा.

पंच उरला तर बर्फ काढून बाटलीत भरा. दुसऱ्या दिवशी लिंबाचा ताजेपणा गेलेला असतो. ग्लासामागे अर्धं लिंबू पिळलं की पुन्हा पिण्यासारखा होतो.