लाईन चालू आहे, पण शीर सुजली आहे: या चुका टाळा

रात्रपाळी घेताना हमखास कानावर पडणारं वाक्य: "दहा नंबरच्या आजींचा हात जरा दुखतोय, पण लाईन चालू आहे." या 'पण'ने जेवढ्या शिरा खराब केल्या, तेवढ्या औषधांनीही केल्या नसतील.

थेंब पडतायत याचा अर्थ एवढाच की नळी तुंबलेली नाही. शीर ठीक आहे, असा नाही. शिरेच्या आतलं अस्तर तीन कारणांनी सुजतं: इंट्राकॅथ (शिरेत घातलेली सलाईनची बारीक नळी) आत हलत राहतो, औषध झोंबतं, नाहीतर जंतू शिरतात. कारण कुठलंही असो, पहिला उपचार एकच, तो इंट्राकॅथ काढणं. शेक, मलम, गोळी नंतर. तो तसाच ठेवून वरून मलम लावणं म्हणजे पायात काटा ठेवून हळद भरणं.

त्या आजींच्या हाताला निळा, म्हणजे २२ नंबरचा इंट्राकॅथ होता आणि त्यावर चिकटपट्टीचे तीन थर. पट्टी सोडवली तर कोपराच्या दिशेने चार बोटं लाल रेघ, आणि बोट फिरवलं की कातडीखाली सुतळीसारखी कडक शीर. दोन दिवस आजी गप्प होत्या. का? "बोलले तर परत टोचाल ना." आणि पट्टीखाली काय चाललंय ते आम्हाला कुणाला दिसत नव्हतं.

म्हणून टोचलेल्या जागेवर पारदर्शक ड्रेसिंगच हवं. ते नसेल तर निदान टोकाची जागा उघडी दिसेल अशी पट्टी लावा आणि प्रत्येक पाळीत बोटाने दाबून विचारा. सूज किती वाढली ते मोजायला व्हीआयपी स्कोअर आहे ('व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस', म्हणजे सलाईनच्या शिरेची सूज नजरेने मोजणं; पेशंटच्या ओळखीपाळखीशी त्याचा संबंध नाही), शून्य ते पाच. दुखणं, लाली, सूज यांतली दोन लक्षणं दिसली की स्कोअर दोन, आणि दोनलाच इंट्राकॅथ काढायचा. शीर दोरीसारखी हाताला लागली की चार. आजी चारवर पोचल्या होत्या.

उलटी चूकही होते. हात अगदी स्वच्छ, दुखत नाही, तरी "७२ तास झाले" म्हणून काढून पुन्हा टोचायचं. ऑस्ट्रेलियात ३२८३ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तिसऱ्या दिवशी नेमाने बदला किंवा गरज पडली तरच बदला, दोन्ही गटांत शीर सुजण्याचं प्रमाण सारखंच होतं, ७ टक्के. मात्र गरज पडेपर्यंत ठेवायचा तर रोज बघायला हवं, आणि गरज संपली की त्याच दिवशी काढायला हवा. तोंडाने गोळ्या सुरू झालेल्या पेशंटच्या हातात 'असू दे, लागला तर' म्हणून ठेवलेला इंट्राकॅथ मला सगळ्यात जास्त खटकतो.

औषध देताना घाई नडते. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम द्यायचं तर नीट पातळ करून द्यायचं आणि मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे शंभर मिनिटं धरा. सकाळच्या राउंडआधी 'उरकून टाकू' हे इथे चालत नाही. पोटॅशियम, अमिओडॅरोन, फेनिटोइन हीही झोंबणारी मंडळी. फेनिटोइन डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, टाकलं तर त्याचे स्फटिक होतात, त्याला नॉर्मल सलाईनच लागतं. हातावरची शीर बारीक आणि द्यायचं फक्त अँटिबायोटिक, तर जाड, हिरवा १८ नंबर घालण्याचा हट्ट कशाला? मनगटाच्या किंवा कोपराच्या सांध्यावरही शक्यतो नको, हात वाकला की टोक शिरेला घासतं.

काढल्यावर पुढचा दुसऱ्या हाताला लावा. सुजलेल्या शिरेवर, तिच्याच खालच्या भागात, अजिबात नाही. सुजलेला हात उशीवर उंच ठेवा, कोमट ओल्या फडक्याने दिवसातून तीन-चारदा शेका. गरम पाण्याची पिशवी नको, म्हाताऱ्या माणसांची कातडी भाजते. हेपारिनचं मलम किंवा डायक्लोफिनॅक जेल डॉक्टरांना विचारून हलकेच लावा, टोचलेल्या छिद्रावर नाही. मलमांमागचा पुरावा तसा लंगडाच आहे, पण पेशंटला बरं वाटतं. चोळू मात्र नका. आत गुठळी असते, आणि नातेवाइकांचा पहिला हात चोळायलाच जातो. पू किंवा ताप नसेल तर अँटिबायोटिकचीही गरज नसते. असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, दुसऱ्या जागेवरून ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) जाऊ द्या.

एका ठिकाणी मात्र 'आधी इंट्राकॅथ काढा' हा नियम उलटा होतो. नॉरअ‍ॅड्रेनलिन, कॅल्शियम किंवा किमोचं औषध शिरेबाहेर मांसात गेलं असेल, तर घाईने नळी उपटू नका. आधी औषध बंद करा, मग त्याच नळीतून जमेल तेवढं ओढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. तिथे शेकायचं की बर्फ लावायचा हेही औषधावर ठरतं.

नळी काढल्यावरही ४८ तासांपर्यंत शीर सुजू शकते, आणि तोवर पेशंट बऱ्याचदा घरी गेलेला असतो. म्हणून डिस्चार्ज देताना हात दाखवून सांगा: लाली वर सरकली, ताप आला, पू दिसला किंवा अख्खा हात सुजला तर लगेच परत या. ती सुतळीसारखी गाठ मात्र काही आठवडे हाताला लागत राहते. आजींचा नातू महिनाभराने तीच दाखवायला घेऊन आला होता. दुखत नव्हती, लालही नव्हती, तशीच परत पाठवली.